वाळ्याच्या वासाची गाडी

मे महिन्यात दुपारी आमच्या गल्लीत माणूस दिसत नाही, नुसते कूलर ऐकू येतात. कुणाचा पंखा घरघरतो, कुणाच्या पत्र्याला कापरं भरलेलं असतं, कुणाचं पाणी वाळ्याच्या ताटीतून टाकीत टपटपत राहतं. डोळे मिटून पडलं की वाटतं, ही घरं नाहीतच. मोठमोठी जनावरं सावली धरून बसलीत आणि रवंथ करताहेत. ही कल्पना माझी नाही. समोरच्या रुपरावकाकाजींची आहे. ते आमच्या फाटकाशी उभे राहून सहज काहीतरी बोलतात आणि निघून जातात, आणि मग ते वाक्य दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात फिरत राहतं.

काकाजी अंगानं काटकुळे. बोटं मात्र जाड, आणि कायम थोडी पांढुरकी, सुरकुतलेली, धुणीभांडी करणाऱ्या बाईची असतात तशी. सगळं आयुष्य ओल्या वाळ्यात हात घालण्यात गेलं. नागपूरच्या महाल भागात त्यांचं कूलरचं दुकान होतं. होळी झाली की दुकानापुढे वाळ्याच्या पेंढ्या येऊन पडायच्या आणि काकाजी लाकडी चौकटीत ताटी विणायला बसायचे. तो वास चार दुकानं ओलांडून जायचा. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. आमच्या मनीषनगरात घरं उभी राहिली ती भिंतीत एसीची भोकं ठेवूनच, त्यामुळे कूलरही कमी होत चाललेत. जे उरलेत त्यांची काळजी मात्र काकाजी फुकट वाहतात. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणतात, "ताई, तुमचा पंप कोरडा चालून राहिला." जाऊन बघावं तर टाकी खरंच आटलेली असते. कधी ती काठोकाठ भरलेलीही असते. तसं सांगितलं की म्हणतात, "मंग आता आटन."

त्यांचं लग्नही वाळ्यानंच जमवलं. नागपूरजवळ खाप्याला एका विणकराच्या घरात माग होते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत मागावरचा ताणा तटातट तुटतो, म्हणून त्या खोलीच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि दिवसभर ओल्या ठेवायच्या. तरुण रुपराव एसटीच्या टपावर ताट्या बांधून खाप्याला घेऊन जायचे. आणि तांब्या घेऊन त्यांवर पाणी शिंपडायचं काम विणकराच्या मुलीकडे, गोपिकेकडे असायचं.

"त्या खोलीत शिरलं का आधी काही दिसतच नव्हतं," काकाजी सांगतात. "बाहेर ऊन असं पांढरं, अन् आत हिरवा अंधार. मागाची खटखट. अन् तो वास. मले वाटे आपण पाण्याखाली आलो. बोललं तं तोंडातून बुडबुडे निघतीन."

"म्हणून दर आठवड्याले ताटी बदलाले येत होते," गोपिकाकाकू आतून म्हणतात. "बाबा म्हणत, या पोराची ताटी टिकत काहून नाही?"

"टिकाऊ बांधली असती तं तुले आणलं असतं का वं मी?"

काकू आत भांडं जरा जोरात ठेवतात, एवढंच.

दोन उन्हाळ्यांमागे काकूंना ऊन लागलं. बसस्टँडवर उभ्या उभ्या कोसळल्या. दवाखान्यात बर्फाच्या पिशव्या ठेवून त्यांना माघारी आणलं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, पुन्हा ऊन लागलं तर भरवसा देता येणार नाही. तेव्हापासून मार्च उजाडला की काकू घरात आणि पावसाळा लागला की अंगणात. गेल्या मे महिन्यात त्यांच्या भाच्याचं, रजतचं, खाप्याला लग्न झालं. काकूंनी ते कूलरपुढे बसून मोबाइलवर पाहिलं. मी शेजारी होते. अक्षता पडल्या तेव्हा त्यांनी मुठीतले तांदूळ मोबाइलवर टाकले आणि नंतर एकेक दाणा वेचून डब्यात परत ठेवला.

यंदा रजतला मुलगी झाली. त्याला बहीण नाही. त्याची एकुलती आत्या म्हणजे काकू, आणि बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. बाळाची आत्या नसेल तर बापाची आत्या. रजत सुरतेला नोकरी करतो. बारशाच्या दुसऱ्या दिवशी तो बायको आणि लेक घेऊन जाणार, म्हणजे दिवस पुढे ढकलायची सोय नाही. त्याची आई पुष्पलता, म्हणजे काकूंची भावजय. तिनं फोनवर सांगून टाकलं, "ताई, तुमी नाही आल्या तं पोरगी बिननावाची सुरतेले जाईन. मी दुसऱ्या कोणाले सांगू देणार नाही."

काकूंनी फोन ठेवला आणि काकाजींकडे बघितलं. काकाजी म्हणाले, "जाऊ ना. गाडी कशाले आहे?"

गाडी त्यांच्या मुलाची, सुशीलची. बेंगळुरूला जाताना तो ती इथे ठेवून गेला. एसी चांगला चालायचा. खाप्याच्या घरात दुपारी वीज नसते आणि पाहुण्यांची गर्दी, म्हणून काकाजींनी बेत असा आखला: काकूंना दुपारभर इथे घरच्या गारव्यात ठेवायचं, तीन वाजता थेट थंड गाडीत बसवायचं, पाच वाजता बारसं, आणि ऊन उतरल्यावर परत. वाटेत काही झालं तर हाताशी कुणी असावं म्हणून मला सोबत यायला सांगितलं. मी ओले पंचे, ताक, पाण्याचा थर्मास, सगळं काढून ठेवलं.

आठवडाभर आधी त्यांनी काकूंना सरावासाठी एकदा वर्धा रोडवर फिरवून आणलं. उतरल्यावर काकू म्हणाल्या, "थंड आहे, नाही म्हणत नाही. पण कसली हवा जी ही? ना वास, ना ओल. मले फ्रिजमधल्या वांग्यासारखं वाटत होतं."

काकाजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारभर ते पत्र्याच्या शेडमध्ये काहीतरी करत होते.

त्यानंतर रोज सकाळी मला एक गंमत दिसायची. काकाजी नळी घेऊन गाडी धुवायचे, पण सगळी नाही. नुसतं तोंड. टपावर धुळीचा थर, काचांवर कावळ्याची शिट, आणि पुढच्या जाळीवर मात्र हा अभिषेक. मी विचारलं तर म्हणाले, "समोर धूळ लय बसते, ताई." एक-दोनदा फाटकाशी वाळ्याचा वास आला. आमच्याच कूलरचा असेल असं मी धरून चालले. या गल्लीत वाळ्याचा वास कुठून आला, असं कुणी विचारत नाही.

बारशाच्या दिवशी ऊन असं होतं की समोरची भिंत हलताना दिसत होती. काकू अंजिरी रंगाची सुती साडी नेसून, पदराला पिन लावून, अंगठ्याएवढ्या टोपड्याची पिशवी मांडीवर घेऊन कूलरपुढे बसल्या होत्या. ओठ हलत होते. नाव घोकत असाव्यात.

काकाजींनी गाडी आधीच चालू करून ठेवली, आत गार व्हावी म्हणून. थोड्या वेळानं मी दार उघडून हात घातला तर आत भट्टी. वारा जोरात येत होता, पण तव्यावरचा.

"काकाजी, एसी लागला नाही का?"

"लावला ना."

त्यांनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पुढून कुठूनतरी 'टक्' असा आवाज आला, वारा जरा नरम झाला, आणि पुन्हा 'टक्'. परत तवा.

त्यांनी गाडी बंद केली, चालू केली. तेच. मग ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसून राहिले, तेव्हा मीच दुर्गेशला फोन केला.

दुर्गेश गाड्यांची वायरिंग आणि एसी दोन्ही करतो, मागच्या चौकात. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून तो मोटरसायकलवर आला. बोलायला फटकळ, पण वेळेला येणारा.

"काकाजी, तुमी आमचे दुश्मन," बॉनेट उघडताना तो म्हणाला. "सारी जिंदगी कूलर विकले अन् आता एसी पाहिजे."

"पाह्य ना बावा लवकर. बारशाची आत्या वाट पाहून राहिली."

त्यानं आधी फ्यूज काढून उजेडात धरला. ठीक होता. मग हॉर्नचा रिले, वीज जोडणारी ती डबी, काढून एसीच्या जागी लावला आणि एसीचा हॉर्नच्या. हॉर्न वाजला, म्हणजे रिलेही ठीक. गॅस कमी असेल म्हणून त्यानं नळ्या जोडून मीटर लावलं. काटा जागेवर होता. मग मला गाडी चालू करायला सांगितलं. 'टक्' झालं आणि काटा चढायला लागला. चढत चढत लालपर्यंत गेला, पुन्हा 'टक्' झालं, आणि काटा हळूहळू उतरला.

"खराब काही नाही इच्यात," दुर्गेश म्हणाला. "हे स्वतःच बंद होऊन राहिलं. आतलं प्रेशर लय वाढलं का बंद पडते, नाही तं पाइप फुटन. गरम गॅस समोरच्या जाळीत थंड व्हायले पाहिजे, तो होऊनच नाही राहिला."

"पंखा?" मी विचारलं.

"पंखा तं फिरून राहिला, ताई. पण समोरून हवा खेचून नाही राहिला. जाळी जाम असन. बंपर खोलून धुवावी लागन. गॅरेजमध्ये आणा, उद्या देतो."

"उद्या काय कामाचं रे," मी म्हटलं.

"मंग टॅक्सी पाहा."

मी तीन ठिकाणी फोन लावले. लग्नसराई. टॅक्सीवाले शहरातल्या शहरात यायला तयार होते, खाप्याचं नाव काढलं की फोन ठेवत होते. फोनवर बोलता बोलता माझं लक्ष काकाजींकडे गेलं. दुर्गेश 'हवा' म्हणाला तेव्हापासून ते बोलले नव्हते. गाडीच्या पुढे उभे होते, जाळीला पाठ लावून, जणू तिथून कुणी काही काढून नेईल. त्यांच्या पायाशी फरशीवर ओलाव्याचा एक डाग होता. एसी चालला की गाडीखाली पाणी गळतं, हे मला ठाऊक आहे. पण एसी तर चाललाच नव्हता. आणि तो डाग होता थेट गाडीच्या तोंडाखाली.

रोजचा अभिषेक मला आठवला. मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला, पण बोलले नाही. काही गोष्टी ज्यानं केल्या त्यानंच सांगाव्यात.

दार उघडलं. काकू उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. बाहेर येत नव्हत्या. उंबरा ही त्यांची उन्हाळ्याची वेस.

"नाही होत का जी?" त्यांनी विचारलं.

काकाजी म्हणाले, "पाहून राहिला तो."

"ठीक आहे." त्या म्हणाल्या. "पुष्पलताले फोन करून सांगतो मी, तूच सांग म्हणून. नाव तं नावच असते. कोणी सांगितलं तरी पोरगी तेच ऐकन." मग त्यांनी खांद्यावरची पिन काढली. अगदी सावकाश, साडी फाटू नये म्हणून काढावी तशी.

त्या पिनेनं काम केलं. काकाजी जाळीपासून बाजूला झाले.

"दुर्गेश," ते म्हणाले, "जाळीच्या आत खालून हात घाल. चार गाठी आहेत. डावीकडची आधी सोड."

दुर्गेश खाली बसला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि थांबला. "हे काय आहे?"

"ताटी."

"कशाची?"

"वाळ्याची."

गल्लीत तेव्हा नेमके सगळे कूलर एकदम गप्प झाल्यासारखे वाटले. वीजही गेली असेल, कोण जाणे. दुर्गेशनं गाठी सोडल्या आणि काळ्या जाळीच्या कापडात शिवलेली एक बारकी, रुंद, सुबक ताटी बाहेर ओढली. कडा काय बांधल्या होत्या. एकेक काडी बसवलेली, दाणेदार वीण, जणू कुण्या देवाच्या मखराला लावायची. अंगण वाळ्याच्या वासानं भरून गेलं.

"काकाजी," दुर्गेश म्हणाला, "गाडीच्या नाकावर उशी दाबून तिले पळ म्हणत होते तुमी."

"मले वाटलं, समोरून हवा आत जाते," काकाजी म्हणाले. "मंग वास घेऊनच जाईन. जरा ओल येईन. थंडावा कमी कसा होईन? ओल्या गवतानं थंडावा वाढते, हे मी जन्मभर पाहून राहिलो."

यात त्यांचं काय चुकलं म्हणावं? आम्हां नागपूरकरांच्या डोक्यात थंडावा म्हणजे ओलं गवत आणि मागून पंखा. यापलीकडचं यंत्र आम्ही विकत घेतो, पण त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. माझी स्वतःची सासू एसी लावून खिडकी बोटभर उघडी ठेवायची. हवा कोंडायला नको म्हणून.

काकाजींची नजर फरशीवर होती. "तू म्हणाली होती ना," ते उंबऱ्याकडे न बघता म्हणाले, "वांग्यासारखं वाटते."

काकूंनी त्या ताटीकडे बघितलं. मग पिन पुन्हा खांद्याला लावली.

"कधीपासून आहे हे तिथं?"

"सहा दिवस झाले."

"अन् मघाशी काहून नाही सांगितलं?"

"सांगणारच होतो."

"मी चप्पल काढल्यावर?"

दुर्गेशनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मग त्यानं नळीनं पुढची जाळी धुतली, अडकलेल्या काड्या चिमट्यानं वेचल्या आणि मला हात केला. मी किल्ली फिरवली. 'टक्' झालं. आम्ही सगळे त्या दुसऱ्या 'टक्'ची वाट बघत राहिलो. काटा चढला, मध्यावर आला, थोडा थरथरला, आणि तिथेच राहिला. माझ्या मनगटावर गार वारा आला. बिनवासाचा, शहाण्यासारखा.

"बसा, आत्या," दुर्गेश म्हणाला. "पोरगी बिननावाची राहिली तं काकाजीचंच नाव ठेवा तिले."

काकूंच्या डोक्यावर ओला पंचा टाकून आम्ही त्यांना उंबऱ्यापासून गाडीपर्यंत नेलं. चारच पावलं असतील, पण मी त्यांचा दंड घट्ट धरला होता. दार लागलं. काकाजींनी आरसा नीट केला, त्यात मागे एकदा बघितलं आणि निघाले.

सगळं शहर ओलांडून गाडी सावनेर रोडला लागली. रस्त्यावर पुढे पाणी साचल्यासारखं दिसायचं, आपण पोहोचलो की ते आणखी पुढे सरकायचं. काचेबाहेर जग जळत होतं आणि आवाज नव्हता. सायकलवरचा एक माणूस तोंडाला फडकं बांधून तरंगत गेला. एका कडुलिंबाखाली मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या होत्या. काकू काचेला बोट लावून बघत होत्या. दोन वर्षांनी उन्हाळ्यातला हा रस्ता बघत होत्या त्या. "पळस सरले," त्या म्हणाल्या. "बहावा अजून आहे." पाटणसावंगी आली तेव्हा त्यांना झोप लागली होती. काकाजी खड्डे चुकवत गाडी चालवत होते. मधूनच मान वाकडी करून पुढच्या आवाजाला कान द्यायचे. त्यांना मी तेव्हा विचारलं नाही, पण मला वाटतं ते त्या गाडीला ओळखायला शिकत होते, जसे गल्लीतल्या एकेका कूलरला ओळखतात तसे.

खाप्याला पोहोचलो तेव्हा वीज दुपारपासूनच गेलेली. घरात बायका दाटून बसलेल्या, पदरांनी वारा घेत. पाळणा सजलेला आणि त्यात घामोळ्यांनी लाल झालेली ती पोरगी अशी रडत होती की रस्त्यावर ऐकू येत होतं. काकाजींनी गाडी दाराशी, लिंबाच्या सावलीत लावली. इंजिन बंद केलं नाही.

काकू जाग्या झाल्या आणि उतरायला निघाल्या. मी दार उघडलं. बाहेरची झळ आत आली तशी त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. मी दार परत लावून घेतलं.

पुष्पलता धावत आली. काच खाली केली तर तिनं बोलायच्या आधी आत हात घातला. मग मानही घातली.

"ताई, इथं तं हिवाळा आहे."

"मी येतो ना आत. दोन मिनिटं थांब."

"तुमी हलू नका," पुष्पलता म्हणाली. "पाळणा काय, लाकडाचा आहे. तो कुठं जाऊन राहिला?"

ती आत गेली आणि सून, बाळ आणि कुंकवाचं ताट घेऊन परत आली. मागून सगळ्या बायका. मी उतरून जागा करून दिली. सून आत बसली, बाळ काकूंच्या मांडीवर दिलं, दार लागलं. आम्ही बाहेर राहिलो, काचेला नाक लावून.

आत पोरगी आणखी थोडी रडली. मग तिला गारवा कळला असावा. तिनं तोंड उघडंच ठेवलं, पण आवाज बंद झाला. डोळे मोठे करून ती टपाकडे बघायला लागली. काकूंनी तिच्या कानाशी ओठ नेले. ओठ हलले. सुनेनं आत्याच्या पाठीवर हलक्या हातानं तीन थापट्या घातल्या, कारण बुक्के मारायला दुसरं कुणी आत मावत नव्हतं. काकूंनी पुन्हा नाव सांगितलं, दुसऱ्या कानात. काचेतून कुणालाच काही ऐकू आलं नाही.

"काय ठेवलं वं?" एक म्हातारी विचारत होती. "काय म्हणाली?"

"ओठावरून तं लांबलचक वाटते."

"काही लांब नाही, दोन वेळा सांगितलं तिनं."

म्हातारी मग काकाजींकडे वळली. ते गाडीच्या पुढे, उन्हात, गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभे होते. समोरच्या जाळीपुढे कुणी येऊन उभं राहू नये म्हणून एक हात आडवा धरला होता. घाम हनुवटीवरून टपकत होता.

"जावईबुवा, तुमाले तं माहीत असन. काय नाव ठेवलं पोरीचं?"

"मले काय माहीत?" काकाजी म्हणाले. "मी गाडीचा आवाज ऐकून राहिलो. जरा बाजूले व्हा मामी, तिले हवा येऊ द्या."